बाळगोळी : अफू, आतडे आणि श्रमिक माता

संपादक मंडळाने लेख मागताना दोन अटी घातल्या. विषय इतिहासाचा असावा, आणि विज्ञान शाखेकडे गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही तो वाचावासा वाटावा. मी इतिहासाचा शिक्षक. शरीरशास्त्राशी माझा संबंध शालेय पुस्तकापुरता. तरीही एक विषय असा आहे की ज्याचा एक पाय मुंबईच्या गिरणगावात आहे आणि दुसरा प्रयोगशाळेत. तो म्हणजे बाळगोळी. त्यातील शास्त्राचा भाग समजून घेण्यासाठी जीवशास्त्र शिकविणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांना मी बरेच दिवस छळले. त्यांचे ऋण प्रारंभीच मान्य करतो.

माझी आजी लातूरजवळच्या खेड्यातली. तिची थोरली बहीण लग्नानंतर मुंबईला गेली आणि परळकडच्या एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला लागली. निजामी मुलखातील वेठबिगारीपेक्षा गिरणीचा भोंगा बरा, असा त्या घराचा हिशेब होता. ती गावी आली की चाळीतल्या गोष्टी सांगे. त्यांतली एक आजीने मला अनेकदा सांगितली. पहाटे कामावर निघण्यापूर्वी आई तान्ह्या लेकराच्या जिभेवर एक बारीक गोळी ठेवी. लेकरू दिवसभर झोपून राही. संध्याकाळी आई परत येई तेव्हा ते रडतही नसे आणि दूधही नीट ओढत नसे. शी तर तीन-तीन दिवस होत नसे, पोट मात्र नगाऱ्यासारखे ताठ. शेजारणी म्हणत, किती गुणाचं लेकरू. आजी हे सांगून झाल्यावर नेहमी एक वाक्य जोडी : "लेकरू गुणाचं नव्हतं, गुंगलेलं होतं."

ही केवळ आमच्या घरातली आठवण नाही. १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या एका महिला डॉक्टरांनी गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या स्त्रियांच्या बहुतेक सर्वच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्या पाहणीत नोंदविले गेले. सरकारी परवान्याच्या दुकानात अफू उघडपणे मिळत असे आणि तिच्या विक्रीतून सरकारी तिजोरीत महसूल जमा होत असे. गिरणीत दिवसाला दहा-अकरा तास काम, चाळीतली खोली दहा बाय बाराची, सांभाळायला घरात कोणी नाही, आणि रजा घेतली तर नोकरी जाणार. या चौकटीत आईपुढे कोणते पर्याय होते, हे मांडून पाहिल्याशिवाय त्या गोळीविषयी बोलणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या सुशिक्षित समाजात या प्रथेविषयी बोलताना श्रमिक मातेच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्याची सवय होती. मला ती मान्य नाही. गोळीने काय होते हे आईला चांगले ठाऊक होते. गोळी न देता काय होईल, हेही ठाऊक होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी जी बाळगुटी उगाळून देतात ती वेगळी. सहाणेवर मुरडशेंग, हिरडा, वेखंड यांचे दोन-दोन वेढे उगाळून आईच्या दुधातून चाटविण्याची ती पद्धत. बाळगोळीत अफू होती. नावातील साधर्म्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो.

आता मूळ प्रश्न. अफूने झोप येते, कारण ती मेंदूवर परिणाम करते, हे सर्वांना माहीत आहे. परंतु तिने आतडे का थांबावे? मेंदू डोक्यात, आतडे पोटात. माझ्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला घेतले तेव्हा त्यांनी मला थेट एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत नेले.

१८५७ मध्ये माइस्नर आणि १८६२ मध्ये आउअरबाख या जर्मन संशोधकांनी आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची जाळी पाहिली. त्यांतले आउअरबाख यांचे जाळे आतड्याच्या दोन स्नायुथरांच्या मधोमध पसरलेले असते. बाहेरच्या थरातील तंतू उभे, आतल्या थरातील आडवे, कड्यासारखे. या जाळ्यांचा अर्थ पुढे १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखविला. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या. तरीही आतड्यात घास गेला की घासाच्या मागचा भाग आवळत होता आणि पुढचा भाग सैल पडत होता. मागून रेटा आणि पुढे वाट, अशी ती लाट घासाला खाली सरकवीत नेई. डॉक्टर मंडळी हिलाच पेरिस्टाल्सिस म्हणतात. वरून मेंदूचा हुकूम येत नसतानाही आतडे आपला कारभार पाहत होते. मनुष्याच्या आतड्यात अशा चेतापेशी दहा कोटींहून अधिक आहेत.

मागे आवळ आणि पुढे सैल हो, हे स्नायूला कोण सांगते? चेतापेशी आपल्या टोकातून रासायनिक द्रव्ये सोडते, ती स्नायूपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी काही द्रव्ये अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीला पेप्टाइड म्हणतात, आणि ती चेतापेशीतून सुटणारी असेल तर न्यूरोपेप्टाइड. स्नायूच्या पेशीवर, तसेच शेजारच्या चेतापेशींवर, या साखळ्यांना बसण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. शास्त्रात त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. कुलूप आणि किल्ली हा दाखला शाळेत सर्रास दिला जातो आणि तो पुरेसा आहे. किल्ली बसली की पेशीच्या आत कामांची मालिका सुरू होते. कोणती किल्ली हे महत्त्वाचे, पण ती कोणत्या पेशीवरच्या कुलपात बसली हेही तितकेच महत्त्वाचे. एकच द्रव्य एके ठिकाणी स्नायू आवळते आणि दुसरीकडे सैल करते, याचे कारण कुलपांचे प्रकार वेगळे असतात.

यांतील पहिली किल्ली सापडली ती १९३१ साली. लंडनमधील हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑइलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून एक अर्क काढला. सशाच्या आतड्याचा तुकडा त्यात बुडविला की तो आवळत असे. आतड्यावर काम करणाऱ्या अॅसिटिलकोलीन या परिचित द्रव्याचा परिणाम औषध देऊन बंद केला, तरीही तुकडा आवळत राहिला. म्हणजे हे द्रव्य निराळेच होते. त्याला त्यांनी सबस्टन्स पी असे साधे नाव दिले. त्याची ११ अमिनो आम्लांची रचना कळायला पुढे चाळीस वर्षे लागली. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो, ते चेतांच्या टोकांतून सबस्टन्स पी बाहेर पडायला लावते. ठेच्याच्या जेवणानंतर पोटात उठणाऱ्या आगीत या द्रव्याचाही वाटा असतो.

१९३१ हे साल इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कारणाने माहीत असते. हिंदुस्थानातील कामगारांविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनचा, म्हणजे व्हिटली आयोगाचा, अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कामगार स्त्रियांच्या मुलांना अफू देण्याचा प्रश्न त्या आयोगासमोरही आला होता. एका कागदावर आतड्याला आवळणारे द्रव्य, दुसऱ्यावर आतडी थांबलेली मुले. दोन्ही कागद इंग्रजीतले, आणि त्यांना एकमेकांची खबर नव्हती.

सैल करणारी किल्ली सापडायला १९७० साल उजाडले. सामी सईद आणि व्हिक्टर मुट यांनी डुकराच्या आतड्यातून २८ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली. तिला संक्षेपाने व्हीआयपी म्हणतात. ही अक्षरे वाचून आमच्या वर्गात हशा पिकतो. ही साखळी आतड्याच्या चेतापेशींतच असते, असे पुढे दिसून आले. घासाच्या पुढचा भाग सैल पडतो तो मुख्यतः हिच्यामुळे आणि नायट्रिक ऑक्साइड या वायूमुळे. घासाच्या मागे अॅसिटिलकोलीन आणि सबस्टन्स पी, पुढे व्हीआयपी आणि हा वायू, असा हा ताळमेळ आहे. तो बिघडला तर नुसता जोर उपयोगाचा नाही. काही बालके मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसतानाच जन्माला येतात. कोपनहेगनचे डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्या भागातला स्नायू धडधाकट असतो. त्याला सैल हो असे सांगणारेच कोणी नसते, म्हणून तो आवळलेलाच राहतो आणि वरचे आतडे फुगत जाते. जन्मल्यावर दोन दिवसांत बाळाला शी झाली नाही तर डॉक्टर चिंता करतात, त्यामागे हे एक कारण असते. त्यावर शस्त्रक्रिया करता येते.

आता अफू. १९१७ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारपाण्यात टांगला. आतून दाब दिला की त्यात लाट उठे. पाण्यात मॉर्फिन घातले की लाट थांबे. मॉर्फिन म्हणजे अफूतील प्रमुख द्रव्य. पाण्यात टांगलेल्या तुकड्याला मेंदू नव्हता, तरी अफूचा परिणाम झाला. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच होते : अफू आतड्यावर तिथल्या तिथेच काम करते.

उरलेले अर्धे उत्तर १९७३ आणि १९७५ या दोन वर्षांत मिळाले. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अफूच्या द्रव्यांना बसण्याची ठरलेली कुलपे दाखवून दिली. मेंदूत तर ती होतीच, गिनीपिगच्या आतड्यातही होती. मग साहजिक शंका निघाली. खसखशीच्या बोंडातील चिकासाठी सजीवाने आपल्या शरीरात कुलूप का बाळगावे? त्या कुलपाची स्वतःची किल्ली शरीरात असलीच पाहिजे. ती स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शोधली. डुकरांच्या मेंदूचा अर्क काढायचा आणि तो विजेच्या झटक्याने हलणाऱ्या स्नायूच्या तुकड्यावर घालून पाहायचा, अशी त्यांची रीत. तुकडे दोन प्रकारचे होते. त्यांतला एक गिनीपिगच्या आतड्याचा. अर्क घातला की आकुंचन मंदावे, आणि अफूचा उतारा असलेले नॅलोक्सोन घातले की पुन्हा पूर्ववत होई. १९७५ च्या डिसेंबरात त्यांनी दोन छोट्या साखळ्या जाहीर केल्या. प्रत्येकी केवळ ५ अमिनो आम्ले. नाव दिले एनकेफॅलिन.

कोस्टरलिट्झ यांच्याविषयी दोन वाक्ये लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते बर्लिनचे, ज्यू कुळातले. नाझी राजवटीने केवळ जन्मावरून त्यांना नोकरीतून काढले, आणि १९३४ मध्ये ते अॅबरडीनला आले. हा शोध जाहीर झाला तेव्हा त्यांचे वय ७२ होते.

एनकेफॅलिनचे आतड्यातील काम लगाम घालण्याचे. चेतापेशीवरच्या कुलपात ते बसले की पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट अरुंद होते आणि तिच्या टोकातून बाहेर पडणारी द्रव्ये कमी होतात. आवळणारी द्रव्येही आणि सैल करणारीही. परंतु हा लगाम क्षणाचा असतो, कारण एनकेफॅलिन तोडणारी विकरे शेजारीच टपलेली असतात. अफूतील मॉर्फिन त्याच कुलपात बसते, मात्र ही विकरे त्याला तोडू शकत नाहीत, आणि ते तासन्तास तेथे राहते. लाट उठत नाही, स्नायू जागच्या जागी आवळून बसतो, झडपेसारखे गोल स्नायू घट्ट होतात, आणि रेंगाळलेल्या मळातले पाणी शोषले जाऊन तो खड्यासारखा कडक होतो. पोट नगाऱ्यासारखे ताठ का होत असे, ते मला हे ऐकल्यावर कळले. लेकरू दूध का ओढत नसे याचेही उत्तर यातच असावे : जठर रिकामे होत नाही आणि गुंगीमुळे भुकेने जागही येत नाही. तान्ह्या बाळात मॉर्फिन श्वासही मंद करते, हा धोका तर सर्वांत मोठा.

आणखी एक बाब अशी की अफूच्या गुंगीची सवय होते. तीच गुंगी यावी म्हणून मात्रा वाढवावी लागते. आतड्याला मात्र तिची सवय फारशी होत नाही. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाला आजही पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सोबत देतात, ते याच कारणाने. घरात असा रुग्ण असेल तर हे औषध विसरू नये. वेदना कमी आहे पण पोटामुळे जीव कासावीस, अशी अवस्था मी जवळच्या नात्यात पाहिली आहे.

आता पुन्हा मुंबईत येऊ. बाळगोळीवर उपाय काय होता? प्रचारपत्रके, व्याख्याने, अफूच्या दुकानांवर बंधने, हे सर्व सुचविले गेले. परंतु गोळीचे मूळ गिरणीच्या भोंग्यात होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद म्हणून बोलले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर काही काळ मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा हे त्यांनी मान्य केले, परंतु स्त्रियांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, असे त्यांनी ठामपणे मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. मिळणारी रजा थोडी होती आणि अंमलबजावणीतही खोट होती. तरी त्या काही आठवड्यांत आई घरी राहणार होती आणि भत्ताही मिळणार होता. तेवढ्यापुरती गोळीची गरज उरणार नव्हती. त्या चर्चेत आतड्याच्या चेतापेशींचा उल्लेख नाही आणि तो असण्याचे कारणही नव्हते. तरीही मला बाळगोळीच्या इतिहासातील सर्वांत शास्त्रीय उपाय तोच वाटतो.

१९६१ चा केंद्रीय कायदा आणि २०१७ ची २६ आठवड्यांची दुरुस्ती आपण अभिमानाने शिकवितो. पण याच मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला त्यातले काय मिळते? मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला बाळंतपणाची रजा नसते. आपल्या शाळेच्या वाचकांत अशा घरांतून आलेले कितीतरी जण असतील. फडाच्या कडेला, उसाच्या पाचटाच्या सावलीत झोळीत वाढलेले. त्यांना हा भाग मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आज बाळगोळी गेली. पण आतडे थांबविणारे औषध गेलेले नाही. जुलाबावर औषधाच्या दुकानातून सहज मिळणारी लोपेरामाइडची गोळी त्याच कुलपात बसते; फरक एवढाच की ती नेहमीच्या मात्रेत मेंदूत पोहोचत नाही, म्हणून गुंगी येत नाही. मोठ्या माणसाला प्रवासात तिचा उपयोग होतो. लहान मुलांना मात्र ती आपल्या मनाने देऊ नये. १९९० मध्ये पाकिस्तानात आतडे थांबून तान्ही मुले दगावल्यानंतर या औषधाचे मुलांसाठीचे थेंब कंपनीने मागे घेतले. जुलाबात मूल दगावते ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. दुकानात ओआरएसची पुडी मिळते. ती आधी, आणि मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शीत रक्त दिसले तर लगेच डॉक्टर.

शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी. या शाळेत येण्यापूर्वी मी एका वसतिगृहाचे काम पाहत असे. दहावीच्या वर्गातला एक मुलगा परीक्षेच्या आठवड्यात रोज सकाळी पोट धरून बसे, चार-चार वेळा शौचालयाकडे धावे. लातूर पॅटर्नचा तो जोरात असलेला काळ. अभ्यास चुकविण्याचा बहाणा, असे मी सर्वांसमक्ष म्हणालो. त्यानंतर त्याने तक्रार करणे बंद केले. मी समजलो, बहाणा संपला.

आपली भाषा या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणी होती. भीतीने पोटात गोळा येतो, असे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो आहोत. १९८१ मध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या मेंदूतून ४१ अमिनो आम्लांची एक साखळी शोधली. ताण आला की ती मेंदूत सुटते. तिला दोन प्रकारची कुलपे आहेत. एका प्रकारातून जठर मंदावते, म्हणून परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही. दुसऱ्यातून मोठे आतडे वेगाने चालू लागते, म्हणून शौचालयाकडे धावावे लागते. त्या मुलाच्या पोटात हे दोन्ही एकाच वेळी चालले होते आणि मी त्याला शिस्त शिकवीत होतो.

भुकेचेही असेच. पोट रिकामे झाले की साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून निघून लहान आतड्यातून एक झाडू मारणारी लाट जाते. तिच्या मागे मोटिलिन नावाची आणखी एक साखळी असते. पोटात कावळे ओरडतात ते बहुधा तेव्हा. पहाटेच्या अभ्यासिकेला बसणाऱ्या मुलांच्या पोटातले कावळे मला आता ऐकू येतात. अभ्यासिकेआधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्यावा, असा प्रस्ताव मी वसतिगृह समितीपुढे मांडला आणि तो मान्य झाला.

तो मुलगा आज एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या वर्षी गंजगोलाईत भेटला. मी त्या वेळच्या शब्दांबद्दल त्याची क्षमा मागितली आणि आता पोट कसे असते, असे विचारले. तो हसला. म्हणाला, "सर, गाळप हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री अजून तसंच होतं. मी कुणाला सांगत नाही."